शेवटचे पान

दिवाळीच्या फराळाची चव घरातील सगळ्यांना जिभेने ठाऊक असते. तो करणारणीला मात्र ती बहुधा नाकानेच ठाऊक असते. चकलीच्या कढईपुढे तीन तास बसलेल्या बाईला चकली खाण्याची इच्छाच उरत नाही, असे आपण म्हणतो, आणि डब्याच्या तळाशी राहिलेले मोडके तुकडे तिने हौसेनेच आपल्या वाट्याला घेतले असतील असे धरून चालतो. वीस वर्षे मीही तसेच धरून चालले होते. गेल्या वर्षीच्या दिवाळीने माझा तो समज मोडला.

झाले असे. गेल्या आश्विनात मला त्रेचाळीस वर्षे पुरी झाली. त्याच सुमारास नात्यातल्या एका लग्नाची छायाचित्रे घरी आली. त्यांतली एक रुंद पाठीची, दुहेरी हनुवटीची बाई कोण म्हणून मी निरखून पाहू लागले, तो माझ्याच पैठणीचे काठ ओळखू आले. त्या रात्री मी मनाशी पण केला. दुसऱ्या दिवसापासून रात्रीचे जेवण बंद. दुपारी एक भाकरी आणि पालेभाजी. शाळेतल्या मधल्या सुट्टीत इतर बाई डबे उघडत, तेव्हा मी वह्या तपासण्याचे निमित्त करून वर्गातच बसे. दीड महिना हे चालले. कपडे सैल झाले, बायकांनी विचारपूस केली, आणि खोटे कशाला बोलू, मला फार बरे वाटले.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी चकलीची भाजणी मळताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी परातीवरच कलंडले. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन साडेआठ. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "दिवसातून किती वेळा जेवता?" मी म्हटले, "एकदा." "का?" या प्रश्नाला मला उत्तर सुचले नाही. सासूबाई बरोबर होत्या. रिक्षात बसेपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. मग बाहेर पाहत म्हणाल्या, "आमच्या आत्याबाईही आयुष्यभर एकभुक्तच राहिल्या. पण त्या बालविधवा होत्या, त्यांच्यावर सक्ती होती. तुझ्यावर गं कोणाची सक्ती?"

मी गप्प राहिले. त्या रात्री माझी नववीतली मुलगी ताटावरून अर्ध्यात उठली. मी हटकले तर म्हणाली, "तू तरी कुठे जेवतेस, आई? आणि माझ्याही मांड्या जाड झाल्यात."

सासूबाईंचा प्रश्न आणि मुलीचे ते वाक्य, दोन्ही मिळून मला पुरते वर्षभर झोपू देईनात. मी इतिहाससंशोधक नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. मुलांना धडे शिकवावेत आणि उरलेल्या वेळात कादंबरीचे चार कागद काळे करावेत, एवढाच माझा अधिकार. तरीपण गावच्या वाचनालयात बसून जुनी आत्मचरित्रे, जुनी पाकपुस्तके, जुने अंक चाळता चाळता मला वाटू लागले, की महाराष्ट्रातल्या बाईचे तिच्या ताटाशी आणि तिच्या देहाशी जे नाते आहे, त्याचा इतिहास कोठे एके ठिकाणी लिहिलेला नसला तरी तो आपल्या घराघरांत माजघराच्या भिंतीसारखा उभा आहे. त्यातले हाती लागले तेवढे वाचकांपुढे ठेवते.

आत्याबाईंपासूनच सुरुवात करते, कारण त्या माझ्या घरच्या. त्या माझ्या सासऱ्यांच्या आत्या. तेराव्या वर्षी वैधव्य आले. तेव्हापासून लाल आलवण, बोडके डोके, दिवसाला एकच जेवण, आणि एकादशीला तेही नाही. कांदा-लसूण वर्ज्य, विडा वर्ज्य. आणि गंमत अशी, की ज्या बाईने स्वतः चवीचे काही खायचे नाही असा नेम, तिच्याच हाताला घरात सर्वांत अधिक चव. सोवळ्यातला स्वयंपाक तीच करायची. वीस-वीस माणसांच्या पुरणपोळ्या लाटायच्या त्या बाईने, आणि पंगती उठल्यावर भाताचे पान मांडून बसायचे तेही तिनेच. सासूबाई सांगतात, "आत्याबाईंच्या हातचे खाऊन अख्खे घर गलेलठ्ठ झाले, आत्याबाई तेवढ्या काटकी."

ही काही एका घराची गोष्ट नव्हे. ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या इतर काही जातींतल्या विधवांची शे-दीडशे वर्षांपूर्वीची ही सर्रास कहाणी. शास्त्राचा आधार कोणी काही देवो, व्यवहारातला हेतू उघड होता. बाईचा देह हेच संकट मानले, की दोनच उपाय उरतात: तो कुरूप करावा, नाहीतर तो उपाशी ठेवावा. केशवपनाने पहिले साधे, एकभुक्ताने दुसरे. आणि सर्वांत कठीण भाग असा, की काही वर्षांनी ही शिक्षा देणारे बाहेरचे कोणी लागत नसे. ती बाई स्वतःच स्वतःची पहारेकरीण होई. एखादा दिवस चुकून दोन घास अधिक गेले तर तिलाच पाप वाटे.

या वस्तऱ्याविरुद्ध पहिला उघड आवाज कोणी उठवला असेल? पुष्कळांना नवल वाटेल, पण तो न्हाव्यांनीही उठवला. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळी एकत्र आली आणि यापुढे विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असा त्यांनी निर्धार केला. ज्यांच्या हातून ते काम होत होते, त्यांनाच त्याची लाज वाटली; ज्यांच्या घरात होत होते, त्यांतल्या पुष्कळांना ती वाटायला आणखी एक पिढी जावी लागली.

त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १८८९ च्या मार्चमध्ये, पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले होते. तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी कोकणातल्या देवरुखची गोदूबाई. पुढे १८९३ साली तिचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई, म्हणजे सर्वांची बाया, झाली. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे पुण्याजवळ हिंगण्याला गेला. ही नावे शाळेच्या पुस्तकात असतात. मी दर वर्षी शिकवते. पण या बायाची एक बहीण होती, तिच्यावर धडा नाही. मला वर्षभराच्या वाचनात जिव्हाळ्याची अशी जी बाई भेटली, ती हीच: पार्वतीबाई आठवले.

पार्वतीबाईंचा जन्म १८७० चा. विसाव्या वर्षी त्या विधवा झाल्या, पदरात एक मूल. मोठ्या बहिणीने पुनर्विवाह केला, तरी पार्वतीबाईंना तो मार्ग नको होता. त्यांनी आश्रमाचे काम पत्करले आणि वर्गणी गोळा करण्यासाठी गावोगाव हिंडू लागल्या. जुन्या मताच्या घरांत मान मिळायचा तर जुना वेष हवा. त्यामुळे विधवांच्या शिक्षणासाठी झोळी पसरणारी ही बाई स्वतः मात्र केशवपन केलेली अशीच वर्षानुवर्षे वावरली. आणि मग, चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी ठरवले की आता पुरे. त्यांनी केस वाढू दिले.

वाचकहो, या गोष्टीचा क्षणभर विचार करा. विशीत बंड करणे सोपे नसते, पण विशीतल्या बंडाला जग निदान कारण देते: हिला पुन्हा लग्न करायचे असेल, हिला नटायचे असेल. चाळिशीतल्या बाईने कोणासाठी केस वाढवावेत? लग्न करायचे नाही, कोणाला दाखवायचे नाही. मुलगा हाताशी आलेला, लोक ज्याला "आता काय राहिले" म्हणतात ते वय. त्या वयात डोक्यावर उगवलेले ते पांढरे-काळे केस फक्त तिचे स्वतःचे होते. पार्वतीबाईंनी पुढे 'माझी कहाणी' लिहिली, ती १९२८ साली प्रसिद्ध झाली. तीत केशवपनाविषयी त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. त्या वाचताना मला वाटले, देहाशी समेट करायला वय लागते. आणि ते वय तारुण्यच असले पाहिजे असे नाही.

इतक्यावर त्या थांबल्या नाहीत. १९१८ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, इंग्रजी शिकावे आणि संस्थेसाठी निधी मिळवावा म्हणून त्या एकट्या अमेरिकेस गेल्या आणि तिथे परक्या घरांत घरकाम करून राहिल्या. कोकणातल्या सोवळ्या घरातली बाई परक्या मुलखात परक्यांची भांडी घासते, हे चित्र मनात आणले म्हणजे आपल्या चाळिशीच्या तक्रारी जरा ओशाळतात.

सोवळ्याचा विषय निघाला म्हणून लक्ष्मीबाई टिळकांचे स्मरण झाले. 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी पुष्कळांनी हसत हसत वाचली असतील. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे जे वेड लागले होते त्याचे वर्णन वाचून हसू येते. पण त्या घरच्या बायकांची काय गत झाली असेल, याचा विचार केला की ते हसू ओठांवरच थांबते. लक्ष्मीबाईंच्याही अंगात ते सोवळे मुरलेले होते. पती ख्रिस्ती झाले, पुढे त्याही झाल्या. पण धर्म बदलला म्हणून दुसऱ्याच्या हातचे पाणी घशाखाली उतरतेच असे नाही. ते उतरायला वेगळा झगडा करावा लागला. जाती माणसाने केल्या, देवाने नाही, असे एकदा मनाने घेतल्यावरच त्यांची जीभ मोकळी झाली. अन्नाची भीती बुद्धीने जात नाही. ती घासागणिक जावी लागते, हे लक्ष्मीबाईंना ठाऊक होते.

मात्र या दोन-चार आत्मचरित्रांवरून सगळ्या महाराष्ट्राची गोष्ट सांगितली, असे मी म्हटले तर तो खोटेपणा होईल. ज्या घरांत धान्यच नव्हते, तिथल्या बाईला एकभुक्त राहायला शास्त्र कशाला हवे? बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' वाचावे. फलटणच्या या बाईने घरच्यांची नजर चुकवून, कित्येक वर्षे लपवून ठेवलेल्या वह्यांत हे लिहिले; १९८२ साली ते 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि मग पुस्तक झाले. महारवाड्यातल्या बाळंतिणीच्या पोटातल्या आगीविषयी त्यांनी जे लिहिले आहे, ते वाचल्यावर मला माझ्या दीड महिन्याच्या उपासाची खरोखर शरम वाटली. माझ्या घरात डबे भरलेले होते.

आणि तरीही एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच. वाड्यात असो की वाड्याबाहेर, शेवटचे पान बाईचेच. आधी पुरुष, मग मुले, मग लेकी, आणि मग उरले-सुरले घेऊन सून. पातेल्यात भात उरला तर भात, नाहीतर खरवड. हा नियम कोणत्या पोथीत लिहिला आहे ते मला सापडले नाही; पण पोथी जळाली तरी तो राहिला असता इतका तो पक्का.

उपासांचेही असेच. हरितालिका, वटपौर्णिमा, सोळा सोमवार, चातुर्मासातले नाना नेम: नवऱ्याच्या आयुष्यासाठी, मुलांच्या भल्यासाठी, घराच्या सौख्यासाठी बाई उपाशी राहते. मी उपासांच्या विरुद्ध नाही. शिवरात्रीला मी आजही धान्य खात नाही. पण उपासाचे म्हणून जे आपण मोठ्या श्रद्धेने शिजवतो, त्याची कुळकथा शोधली तर मोठी मौज वाटते. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिकडचा, शेंगदाणा तिकडचा, हिरवी मिरचीही अमेरिका खंडातलीच. पोर्तुगीज आणि इतर दर्यावर्दी आले तेव्हा ही सारी मंडळी आपल्याकडे आली. म्हणजे आमच्या साबुदाण्याच्या खिचडीत बहुतेक सगळे पाहुणेच. तुपाची फोडणी तेवढी घरची! शिवाजी महाराजांच्या आजीने जो उपास केला असेल त्यात ही खिचडी असणे शक्य नाही. काय चालते आणि काय चालत नाही याच्या यादीत माणसानेच फेरफार केले. मग त्या यादीत एक ओळ आपणही घालू शकतो: करणारणीने आधी खाल्ले तर चालते.

आता पाकपुस्तकांकडे वळू. मराठीतले 'सूपशास्त्र' हे पुस्तक १८७५ चे, आणि ते लिहिले रामचंद्र सखाराम गुप्ते या पुरुषाने! बाईच्या नावावर ज्या थोर पाकपुस्तकाची कीर्ती झाली, ते लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र', हजार पाकक्रियांचे, १९१० साली निघाले. पुढे १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' आली, आणि तेव्हापासून मराठी मुलीच्या सासरच्या पेटीत ती ठरलेली. माझ्या आईचीही 'रुचिरा' होती. आई गेल्यावर ती माझ्याकडे आली. तेला-हळदीच्या डागांनी भरलेली. या वर्षी मी ती पहिल्यांदा नीट वाचली, म्हणजे कृती नव्हे, आईने समासात पेन्सिलीने लिहिलेल्या टिपा. "यांना आवडले." "बाळूला तिखट होते, मिरची एक." "सासूबाईंना चालत नाही." "ताईला डोहाळ्यांत केले." अशा चाळीस-पन्नास टिपा असतील. सबंध पुस्तक दोनदा उलटले. "मला आवडले" असे कोठेही नाही. माझ्या आईला काय आवडत असे? चाळीस वर्षे तिच्या हातचे खाऊन मला ते सांगता येईना. मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

हे झाले ताटाचे. देहाचे काय? विधवेला आरसा वर्ज्य, हे जुने. सवाष्णीला आरसा होता, कुंकवाच्या पेटीच्या झाकणात बसवलेला, वीतभर. त्यात कपाळ दिसे, कुंकू नीट लागले की नाही ते दिसे; कंबर दिसत नसे. सबंध देह पाहण्याची सोय घरातल्या बाईला फार उशिरा लाभली. त्याआधी तिने बाई पाहिली ती चित्रात. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत घाटकोपरला शिळाछापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला; आणि तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांतल्या भिंतींवर जाऊन बसल्या. त्या लक्ष्मीकडे एकदा डोळे भरून पाहा. दंड भरदार, हनुवटी गोल, पोट झाकण्याचा यत्किंचितही यत्न नाही. आजच्या हिशेबाने तिला कोणी सकाळी कोमट पाणी आणि दालचिनी सांगितली असती! पण तेव्हाच्या बाईला ती समृद्धी वाटली, कारण दुष्काळ पाहिलेल्या डोळ्यांना अंगावरचे मांस म्हणजे घरातले धान्य.

मग काळ पालटला. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजना'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, आणि त्या अंकांच्या मुखपृष्ठावर हळूहळू स्त्री येऊन उभी राहिली. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर, दोघेही गोमंतकाचे सुपुत्र, दोघेही रंगांचे जादूगार. त्यांच्या हातच्या त्या हातात निरांजन घेतलेल्या सुंदऱ्या पाहण्यासाठी माझ्या आजोळी अंकाची वाट पाहिली जाई. मी त्या चित्रांची निंदा करणार नाही. माझ्या बालपणीची दिवाळी अर्धी त्यांचीच आहे. पण एवढे म्हणते, की त्यांतली एकही चाळिशीची नव्हती. दिवाळीचा सारा फराळ करणारी बाई अंकाच्या मुखपृष्ठावर कधी आली नाही. ती आतल्या पानांत पाककृतींच्या सदरात राहिली.

आणि मग आला वजनकाटा. आज आपण ज्या आकड्याला भितो, उंचीच्या वर्गाने वजनाला भागून येणारा तो आकडा, त्याची जन्मकथाही मी शोधली. एकोणिसाव्या शतकात केतले नावाच्या बेल्जियमच्या खगोलशास्त्रज्ञाने तो हिशेब मांडला. त्याला माणसांची सरासरी काढायची होती, कोणाला बारीक करायचे नव्हते. १९७२ मध्ये अन्सेल कीझ या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्याला आजचे नाव दिले. ज्या हजारो माणसांची मापे त्याने त्यासाठी तपासली, ते सगळे पुरुष होते. २००४ साली तर पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात आपले दोघांचे छायाचित्रच छापले. दोघांचा तो आकडा अगदी एक, २२.३. पण युडकिन यांच्या अंगातली चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या अंगातली २१.२ टक्के! काटा दोघांना एकच सांगतो आणि देह दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. तेव्हा काटा खोटा नसला तरी तो फार थोडे बोलतो, एवढे आपण समजून असावे.

मध्यमवयात बाईच्या देहात जे होते ते डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर काढून दाखवले. पाळी जाण्याच्या सुमारास शरीरातला एक स्राव कमी होतो, आणि मांड्या-नितंबांवर बसणारी चरबी पोटावर बसू लागते. त्याच वेळी स्नायू झिजतात, हाडे पातळ होतात. अशा वेळी जी बाई उपाशी राहते, तिच्या चरबीबरोबर तिचा स्नायूही जातो. "तुम्ही वजन नाही घटवलेत," त्या म्हणाल्या, "ताकद घटवलीत." मी हसले, पण ते मनाला लागले.

देशाचे आकडेही तीच विसंगती सांगतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाने पीडित आढळल्या, महाराष्ट्रात ५४.२ टक्के. त्याच पाहणीत देशातल्या २४ टक्के स्त्रिया वाजवीपेक्षा जाड, आणि १८.७ टक्के वाजवीपेक्षा कृश. एकाच बाईचे वजन अधिक आणि रक्त कमी, असेही होते. मीच त्याचा पुरावा. पोळीचे तुकडे, मुलांच्या ताटातला उरलेला भात, चार वेळचा गोड चहा: याने अंग वाढते, रक्त वाढत नाही.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, की मराठी बाईच्या ताटाचा इतिहास म्हणजे नुसती रडकथाच. तसे नाही. १९७२ च्या दुष्काळात, महागाईने धान्य-तेल हाताबाहेर गेले तेव्हा, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पाठीमागे मुंबईच्या हजारो बायका रस्त्यावर उतरल्या. हातांत काय? लाटणी आणि थाळ्या! ज्या लाटण्याने जन्मभर दुसऱ्यांच्या पोळ्या लाटल्या, तेच त्यांनी थाळीवर बडवले. त्यांत पुष्कळशा चाळिशी-पन्नाशीच्या होत्या, सैल पदराच्या, जाड भिंगांच्या. आमच्या शेजारच्या एक आजी त्या मोर्च्याला गेल्या होत्या. त्या सांगत, "त्या दिवशी मी कशी दिसते हे माझ्या डोक्यातही आले नाही. अशी मोकळीक मला त्याआधी कधी मिळाली नव्हती, आणि त्यानंतरही क्वचितच."

हे सगळे मी एका संध्याकाळी सासूबाईंना वाचून दाखवले. न्हाव्यांचे ऐकून त्या खूष झाल्या. पार्वतीबाईंचे ऐकताना मात्र त्यांनी वातींचा हात थांबवला. मग म्हणाल्या, "आत्याबाईंचे एक तुला सांगायचे राहिले."

सासूबाई नव्या नवरी होऊन या घरात आल्या तेव्हा आत्याबाई ऐंशीच्या घरात. एका दुपारी घर निजले होते. सासूबाई वेणी घालायला बसल्या, समोर कुंकवाची पेटी उघडी. आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाल्या, "सूनबाई, जरा बघू का गं मी त्यात?" सासूबाईंनी पेटी त्यांच्याकडे वळवली. तेराव्या वर्षानंतर आरशात त्यांनी पहिल्यांदाच पाहिले असावे. बराच वेळ त्या पाहत राहिल्या. गालावरून एकदा बोटे फिरवली. मग म्हणाल्या, "अगंबाई, मी तर आईसारखी दिसते!" आणि हसल्या. सासूबाई सांगतात, त्या संध्याकाळी आत्याबाईंनी आपणहून एक करंजी मागून घेतली. घरातल्या कोणी काही म्हटले नाही. त्या वयात म्हणायला उरले तरी कोण होते!

सासूबाईंचे सांगून झाले तेव्हा माझी मुलगी कधी येऊन आमच्यामागे बसली होती, ते मला कळलेच नव्हते. ती उठली, आतल्या खोलीतून लग्नातले ते छायाचित्र घेऊन आली. मी ते कपाटाच्या तळाशी, घड्यांखाली दडपून ठेवले होते. तिला ठाऊक होते तर! तिने ते आजीपुढे धरले. "आजी, यात आई कोणासारखी दिसते?"

सासूबाईंनी चष्मा सारखा केला. "हिच्या आईसारखी," त्या म्हणाल्या. "अगदी तिचीच पाठ. विहिणबाई अशाच उभ्या राहायच्या."

मी छायाचित्र हातात घेतले. खरेच ती आईची पाठ होती. जिच्या 'रुचिरे'त स्वतःविषयी एक अक्षर नाही, ती माझ्या आईची पाठ. मी दीड महिना तिच्याशी वैर धरले होते.

सक्ती कोणाची, या सासूबाईंच्या प्रश्नाला मजजवळ अजून पुरते उत्तर नाही. आत्याबाईंची सक्ती दाराशी वस्तरा घेऊन येत असे, ती ओळखता येत होती. माझी आरशातून, चित्रांतून, काट्यावरून, मैत्रिणींच्या शाबासकीतून आली, आणि मी तिला आपणहून पाट मांडला. पण एक ओळखले, की ती माझ्यापाशी थांबत नाही. शेवटचे पान मी मांडले, तर त्याच्या शेजारचे पान माझी मुलगी आपणहून मांडते.

डॉक्टरीणबाईंनी सांगितले ते करते आहे. दोन्ही वेळा जेवते. जेवणाबरोबर चहा बंद, कारण तो अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. आमटीवर लिंबू पिळते. सकाळी मुलीबरोबर नदीकाठी फिरायला जाते. हिमोग्लोबिन साडेअकरावर आले आहे. पाठ आहे तेवढीच रुंद आहे.

यंदाच्या चकल्या परवाच झाल्या. पहिला घाणा निघाला, तशी सवयीने मी मोडलेली चकली बाजूला सारली. मुलगी पलीकडे सोऱ्या धरून बसली होती. तिने ताटलीतली सर्वांत सुबक, काटेदार चकली उचलली आणि माझ्या हातावर ठेवली. "आधी तू खा," म्हणाली, "मीठ बरोबर आहे का सांग."

मीठ बरोबर होते. मी तिला सांगितले, आणि मग 'रुचिरे'चे ते पान काढून, आईच्या पेन्सिलीच्या टिपेखाली, माझ्या हातानेच लिहिले: मला आवडली.